रायगड जरूर चढा, पण ६ जूनला नको!



मे महिना सरत आला की बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबादपासून आळंद-कलबुर्गीपर्यंत चौकाचौकांत फलक लागतात. फलकावर 'चलो रायगड' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मधोमध महाराज असतात आणि महाराजांपेक्षा मोठा फोटो गाडी देणाऱ्या पुढाऱ्याचा असतो. मग घरोघरी एकच चर्चा सुरू होते : यंदा जायचे की नाही? पोरगा म्हणतो, गल्लीतली सगळी पोरे चाललीत. आजी म्हणते, मरायच्या आधी एकदा पाहून येते, मलाही न्या. सुनेच्या कडेवर दोन वर्षांचे लेकरू. घरातला कर्ता माणूस कुरकुरला तर त्याला ऐकवले जाते, 'मराठी म्हणवतोस आणि राज्याभिषेकाला येत नाहीस?' एवढ्या एका वाक्यावर शहाणीसुरती माणसे गाडीत जाऊन बसतात.

या प्रश्नावर आजवर आपल्याकडे कोणी उघडपणे बोललेले नाही. महाराजांचे नाव आले की बोलणाऱ्याची जीभ अडखळते. आम्ही मात्र आज स्पष्टच लिहिणार आहोत. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी माणसाने आयुष्यात एकदा रायगड पाहावाच. पण ६ जूनच्या गर्दीत, म्हाताऱ्या-लेकरांसकट, रात्रभर जागून, पुढाऱ्याच्या गाडीतून जाऊन तो चढू नये. त्यात महाराजांचा मान नाही, आपले हित नाही आणि मराठीपणाचा पुरावा तर मुळीच नाही.

गड बांधणाऱ्याचे तरी ऐका

रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत. धडधाकट माणसाला दोन-तीन तासांची ही चढण जड नाही. तेव्हा आमची तक्रार उंचीबद्दल नाही. आम्ही वाटेबद्दल बोलतो आहोत.

हिरोजी इंदुलकरांनी हा गड बांधला तो कशासाठी? शत्रूचे हजारो लोक एकदम आत शिरू नयेत यासाठी. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. वाट वळण घेऊन आत जाते, त्यामुळे येणाऱ्यांचा लोंढा आपोआप तुटतो आणि माणसे थोडी थोडी होऊन पुढे सरकतात. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. वर जायची आणि खाली यायची पायवाट एकच. गर्दी अडवण्यासाठी मुद्दाम रचलेल्या या वाटेवर आपण एकाच दिवशी लाखोंची गर्दी लोटतो आणि तिला मानवंदना म्हणतो! हिरोजींच्या कामाची याहून मोठी उपेक्षा कोणती?

राज्याभिषेकाच्या वेळचीच गोष्ट घ्या. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाकडे आला. कंपनी सरकारचा वकील, सोबत नजराणा. पण महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. वकिलाला पायथ्याशी पाचाडात थांबावे लागले. वर येण्याचा हुकूम मिळाला तेव्हाच तो गड चढला. म्हणजे खुद्द राज्याभिषेकाच्या महिन्यातही रायगडावर वाटेल त्याने वाटेल तेव्हा चढावे असा प्रकार नव्हता. पाळी होती, परवानगी होती, पायथ्याशी थांबणे होते. संध्याकाळी दरवाजे बंद होत आणि ते कोणाच्या शब्दाखातर उघडत नसत. हिरकणीची कथा आपण लेकरांना सांगतो ती याच शिस्तीची. ती कथा सांगणाऱ्यांनीच गडावर रेटारेटी करावी हे शोभत नाही.

गर्दी माणूस कशी मारते

काही मंडळी म्हणतील, 'आजवर काही झाले नाही ना?' वाईट होण्याआधी सगळीकडे हेच म्हटले जाते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईची पौष पौर्णिमेची यात्रा होती. ही यात्राही वर्षानुवर्षे बिनघोर भरत आलेली. त्या दिवशी मंदिराकडे जाणारी अरुंद वाट फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडी झाली होती. माणसे घसरली, त्यांच्यावर माणसे पडली, पुढे दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास भाविक गेले. हिमाचलातल्या नैनादेवीच्या डोंगरावर ३ ऑगस्ट २००८ रोजी दरड कोसळल्याची अफवा उठली आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २७ जुलै २०२५ रोजी हरिद्वारच्या मनसादेवीच्या पायऱ्यांवरही चेंगराचेंगरीत बळी गेले. देवस्थाने वेगळी, वर्षे वेगळी, पण जागेचा प्रकार एकच. डोंगर, पायऱ्या आणि अरुंद वाट.

चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवून मरतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तसे होत नाही. एका चौरस मीटर जागेत पाच-सहांहून जास्त माणसे उभी राहिली की कोणाच्याच हालचालीवर त्याचा स्वतःचा ताबा राहत नाही. मागचा रेटा लाटेसारखा पुढे येतो. छातीवर चारी बाजूंनी दाब पडतो, छाती फुगत नाही, श्वास अडतो आणि माणूस उभ्या उभ्या जातो. पुढे काय झाले हे मागच्यांना दिसत नाही, म्हणून ते ढकलतच राहतात. त्यात कोणी वाईट नसतो. सगळे भाविकच असतात, आणि म्हणून 'आपली माणसे शिस्तीची आहेत' या भरवशात काही अर्थ नाही. उतारावर आणि पायऱ्यांवर हा रेटा दुप्पट घातक. त्या गर्दीत सत्तर वर्षांची आजी आणि कडेवरचे लेकरू यांचे काय व्हायचे ते वाचकांनी मनात आणावे.

त्यात हवामानाची भर. आपण कोरड्या पठारावरची माणसे. बिदरच्या उन्हाला आपण भीत नाही, कारण आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग आतून तापत जाते. रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असलेला माणूस रात्रभर जीपमध्ये आखडून बसतो, सकाळी वडापाव खाऊन थेट पायऱ्यांना लागतो आणि अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्दीतून त्याला खाली आणायचे कसे? डोलीवाल्यालाही वाट हवी, रुग्णवाहिका तर पायथ्यालाच थांबणार. आणि पावसाने आधीच गाठले तर पायऱ्यांचा ओढा होतो. ७ जुलै २०२४ रोजी रायगडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला, पायऱ्यांवरून धबधब्यासारखे पाणी आले आणि पर्यटक वाटेत अडकले. त्यानंतर प्रशासनाला वाट बंद ठेवावी लागली.

सोहळ्याच्या दिवशी समिती, प्रशासन, पोलीस आणि शेकडो स्वयंसेवक तिथे कष्ट घेतात, पाणी वाटतात, वैद्यकीय पथके ठेवतात. त्यांच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण स्वयंसेवक वाढवता येतात, महादरवाजा रुंद करता येत नाही. करूही नये.

'पण आपण ताकद दाखवली पाहिजे!'

हा सर्वांत आवडता मुद्दा. सीमाभागातला मराठी माणूस संख्येने रायगडावर दिसला पाहिजे म्हणे. मान्य, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली आणि जुना बिदर जिल्हा चिरला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बिदर आणि भालकी ही नावे होती. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हे दुःख जुने आहे आणि ते खोटे नाही.

पण आम्ही विचारतो, रायगडावर आपल्याला मोजतो कोण? लाखोंच्या गर्दीत औरादच्या चार क्रुझर कोणाच्या डोळ्यांत भरतात? तिथे कोल्हापूरकर, पुणेकर, मुंबईकर सगळे सारखेच. आपली संख्या मोजली जाते ती तीन ठिकाणी. एक, मराठी शाळेच्या पटावर. दोन, मतदार यादीत. तीन, जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यात. २०११ नंतर लांबत गेलेली जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. घरी आलेल्या प्रगणकाला 'मातृभाषा मराठी' असे स्वच्छ सांगून ते तसेच लिहिले का हे पाहणारी किती घरे निघतील? रायगडावर गळा फाडणाऱ्यांपैकी कितीजणांची लेकरे मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न विचारला की फलकवाले गप्प होतात.

गाडी देणाऱ्या पुढाऱ्याला गर्दी स्वस्त पडते. निवडणूक आली की मराठी मतांची आठवण होते. नोव्हेंबर २०२० मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक डोळ्यांपुढे असताना मराठा विकास मंडळाची घोषणा कशी झाली हे आपण विसरलेलो नाही. गाडी, टोपी आणि झेंडा दिला की वर्षभराचे काम झाले असे त्यांना वाटते. एका क्रुझरचे जाण्यायेण्याचे भाडे वाचवले तर एखाद्या गावच्या वाचनालयात शे-दीडशे मराठी पुस्तके येतील. ते मागून पाहा. गाडी मागताच मिळते, पुस्तके मागितली की 'बघू' असे उत्तर येते.

संख्येवरच महाराजांनी भिस्त ठेवली असती तर स्वराज्य उभेच राहिले नसते. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो साठ मावळ्यांच्या बळावर. आणि एक गोष्ट तर आपल्या मातीशीच जोडलेली आहे. १६५७ साली औरंगजेब आपल्या बिदरच्या आणि कल्याणीच्या किल्ल्यांवर फौजा घेऊन गुंतला होता. त्याच वेळी महाराजांनी जुन्नर गाठून मोगलांचा माल आणि घोडे आणले. जिथे सगळी फौज गोळा झाली होती तिथे ते गेले नाहीत. वेळ ओळखणे हा ज्यांचा सर्वांत मोठा गुण, त्यांच्या गडावर आपण वेळ न ओळखता जातो.

'चढला नाही तो कसला भक्त?'

ही भाषा आपल्या परंपरेत बसत नाही. पंढरीच्या वारीत लाखो माणसे चालतात. पण तिथे दिंड्यांना क्रमांक असतात, चोपदाराने दंड उंचावला की सारा समाज गप्प होतो. आणि पंढरपुरी पोहोचल्यावर पायांवर डोके ठेवता आले नाही तर वारकरी मुखदर्शन घेतो. तेही जमले नाही तर कळसाला हात जोडतो, नामदेवांच्या पायरीशी माथा टेकतो आणि समाधानाने परततो. त्याची वारी कमी झाली असे आजवर कोणी म्हटले नाही. आपल्याच बिदरच्या नृसिंह झरणीत पाण्यातून जावे लागते, लेकरांना खांद्यावर घ्यावे लागते. पाणी वाढले किंवा आत जाणे थांबवले तर आपण बाहेरून हात जोडून घरी येतो. नृसिंह रागावला असे आपण समजत नाही. मग महाराजच एवढे कठोर का समजायचे?

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकाचा सोहळा पाहून अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, माँसाहेबांनी तिथे देह ठेवला. उतारवयात गडावरचा वारा मानवेना म्हणून त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला गेला होता, असे सांगतात. महाराजांनी आईला कधी 'वर आलीच पाहिजेस' म्हटले नाही, तिच्यासाठी खाली वाडा उभारला. आपण मात्र आपल्या आयांना भर गर्दीत दीड हजार पायऱ्या चढायला लावतो. ज्या आजीचे गुडघे चालत नाहीत तिने पाचाडला जिजाऊंपाशी फूल वाहून वर गडाकडे हात जोडावेत. हे कळसदर्शनच आहे.

रोपवेलाही नाके मुरडली जातात. १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवे आहे, पाचेक मिनिटांत माणूस वर जातो. 'रोपवेने जाणे म्हणजे कमीपणा' असे म्हणणारे तरुण स्वतःच्या आजोबांच्या छातीत कळ येईपर्यंतच हे बोलतात. ज्याला चढवत नाही त्याने रोपवेने जावे, ताठ मानेने जावे. मात्र ६ जूनला तिथेही तासन् तास रांग असते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक म्हणणे असे, की पोरांना नेले नाही तर इतिहास कसा कळणार? अहो, त्या गर्दीत पोराला दिसते काय? पुढच्या माणसाची पाठ आणि वरचा झेंडा. शांत दिवशी न्या म्हणजे इतिहास दिसेल. गंगासागर तलाव आणि त्याच्या काठचे मनोरे दिसतील. नगारखान्याच्या दाराशी हळू बोललेले सिंहासनाच्या जागेवर ऐकू येते, हे पोरांना स्वतः करून पाहता येईल. बाजारपेठेचे रुंद जोते, टकमक टोक, जगदीश्वराचे देऊळ, त्याच्या पायरीवरचा हिरोजींच्या नावाचा लेख आणि समोर महाराजांची समाधी. त्या समाधीपाशी पाच मिनिटे गप्प उभे राहता आले नाही तर रायगडाला जाऊन केले काय?

६ जूनच का? आणि आपण त्या दिवशी कुठे हवेत?

राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. हा दिवस मोठाच. पण आजही कोणी तिथीने साजरा करतो, कोणी तारखेने. पुढे २४ सप्टेंबर १६७४ रोजी निश्चलपुरींच्या हस्ते दुसरा राज्याभिषेक झाला. महाराज गेले ते ३ एप्रिल १६८० ला, चैत्र पौर्णिमेला, त्या दिवशीही गडावर पुण्यतिथीचा कार्यक्रम असतो. म्हणजे रायगडाचा दिवस एकच आहे असे नाही. वर्षातल्या कोणत्याही दिवशी महाराजांची समाधी तिथेच आहे.

उलट आपल्यासाठी ६ जून हा घर सोडायचा दिवसच नव्हे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा पुण्या-साताऱ्याच्या पोरांना ६ जून सुट्टीतला दिवस असतो. कर्नाटकात शाळा मे अखेरीस उघडतात. म्हणजे आपल्याकडे तो दाखल्यांचा काळ असतो. कोणते पोर मराठी शाळेत आणि कोणते इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत, हे याच दिवसांत ठरते. संविधानाच्या ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. पण वर्गात पोरेच नसतील तर कलम काय करणार? ज्या दिवशी आपली तरुण पोरे घरोघर जाऊन 'पोराला मराठी शाळेत घाला' म्हणायला हवीत, त्या दिवशी ती सहाशे किलोमीटरवर घोषणा देत असतात. परत येईपर्यंत दाखले उरकलेले असतात आणि वर्षभर आपण 'शाळा बंद पडते' म्हणून निवेदने देत बसतो.

शेतकऱ्याचेही तेच. ७ जूनला मिरग लागतो. मूग, उडीद, तूर, सोयाबीन, सगळ्यांची घाई एकदमच. बियाणे-खताची रांग, तिफणीची दुरुस्ती, वावरातली शेवटची पाळी. अशा वेळी तीन दिवस घर सोडणारा शेतकरी महाराजांना तरी आवडला असता का? रयतेने वेळेवर पेरावे यासाठी बी-बियाणे आणि बैल पुरवणारा तो राजा होता.

जगातही आता लोक याच निष्कर्षाला आले आहेत. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यापाशी लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर गाजले; त्या हंगामात अकरा गिर्यारोहक गेले. जपानी लोक फुजी पर्वताला पवित्र मानतात. त्यांनी २०२४ पासून सर्वांत गर्दीच्या वाटेवर फाटक बसवले, दिवसाला चार हजारांची मर्यादा घातली आणि शुल्क लावले. म्हणून जपान्यांची भक्ती आटली असे नाही. जुलै २०२५ मध्ये रायगडासह आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. याचा आनंद आहेच, पण यापुढे गर्दी वाढणार हेही उघड आहे. उद्या सरकारने फाटक लावण्यापेक्षा आज आपण स्वतःला आवर घातलेला बरा.

मग करायचे काय?

नुसती टीका करून आम्ही थांबणार नाही. संघटनेच्या पुढील बैठकीत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. सभासदांनी त्यावर मोकळेपणाने बोलावे.

पहिला : ६ जूनच्या रायगड गाड्यांना संघटनेचे नाव, निधी आणि फलक वापरू देऊ नये. कोणा पुढाऱ्याला गाड्या द्यायच्या असतील तर त्याने स्वतःच्या नावाने द्याव्यात.

दुसरा : संघटनेने दर वर्षी मार्गशीर्ष-पौषात आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वतःची सहल न्यावी. नाताळच्या सुट्या, शनिवार-रविवार टाळावेत. हुमनाबादहून सोलापूरच्या रस्त्याने जाताना वाटेत नळदुर्गाचा किल्ला आणि पाणीमहाल पाहावा. पाचाड-महाड भागात मुक्काम करून झोप घ्यावी आणि पहाटे चढावे. ऊन चढायच्या आत वर आणि दिवस मावळायच्या बराच आधी खाली. प्रत्येकाजवळ स्वतःचे पाणी. साठीच्या पुढच्यांनी आणि हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जमत नसेल तर रोपवे किंवा पाचाड. खाली थांबणाऱ्यांनी महाडला चवदार तळ्यावर जाऊन यावे. १९२७ चा तोही इतिहास आपलाच आहे.

तिसरा : ६ जूनला गावोगावी सकाळी झेंडा, पोवाडा आणि त्यानंतर घरोघर मराठी शाळेच्या दाखल्यांची फेरी. संध्याकाळी प्रत्येक गावाने कळवावे, आज किती पोरे पटावर आली. तोच आपला राज्याभिषेकाचा नजराणा.

चौथा : बिदरचा, बसवकल्याणचा, भालकीचा आणि कलबुर्गीचा किल्ला आपल्या पोरांनी वर्षातून एकदा तरी शिक्षकांबरोबर पाहावा. ज्या कल्याणीच्या वेढ्याचा फायदा महाराजांनी उचलला ती कल्याणी दाराशी असताना आपल्या पोरांना ठाऊक नसावी, ही लाजेची गोष्ट आहे.

एवढे सांगूनही ज्यांना ६ जूनलाच जायचे आहे अशा तरुणांना आम्ही अडवणार नाही. पण त्यांनी म्हातारी माणसे आणि लेकरे सोबत नेऊ नयेत. एक दिवस आधी पोहोचून झोप घ्यावी. पोलिसांनी पायथ्याशी थांबवले तर हुज्जत न घालता थांबावे. पुढे रेटा वाढलेला दिसला तर कडेला होऊन मागे फिरावे आणि मागे फिरणाऱ्याला कोणी हसू नये.

घरातल्या कर्त्या माणसांना शेवटचे सांगणे. यंदा कोणी टोमणा मारला, 'राज्याभिषेकाला येत नाहीस, कसला मराठी?' तर गप्प बसू नका. त्याला विचारा, तुझी पोरे कोणत्या शाळेत आहेत? आणि सांगा, रायगड आम्हीही चढणार आहोत. डिसेंबरात, पहाटे, आईला पाचाडला जिजाऊंपाशी बसवून, पोराचे बोट धरून, सावकाश.

जय शिवराय!